साहेबांचा केआर नियम

१८८७ साली ब्रिटनच्या पोस्ट खात्यात एक शोधनिबंध साहेबांच्या टेबलावर गेला आणि तिथेच अडकला. निबंध लिहिणारा खात्यातलाच इंजिनिअर होता, आर्थर हेविसाइड. नेमणूक न्यूकॅसलला. साहेब म्हणजे विल्यम प्रीस, टपाल-तार खात्यात विजेच्या बाबतीत ज्यांचा शब्द शेवटचा मानला जाई असे तज्ज्ञ. निबंधाला जोडलेलं गणित आर्थरच्या धाकट्या भावाने, ऑलिव्हरने केलं होतं. प्रीस यांनी परवानगी नाकारली. कुठल्याही सरकारी कचेरीत रोज घडावी अशीच गोष्ट. फरक एवढाच की त्या गणितात लांब पल्ल्याच्या टेलिफोनची किल्ली होती, आणि पुढे त्या किल्लीचे पैसे अमेरिकेत वसूल झाले.

साहेबाचं तांत्रिक ज्ञान जुनं झालंय, ही तक्रार चहाच्या टपरीवर रोज ऐकू येते. तिथे बहुतेक वेळा साहेबाला अडाणी ठरवून विषय संपतो. हे प्रकरण मी निवडलं ते प्रीस अजिबात अडाणी नव्हते म्हणून.

साहेब

प्रीस यांचा जन्म १८३४चा, वेल्समधला. फॅरेडेच्या संस्थेत व्याख्यानं ऐकून तयार झालेला हा मुलगा १८५३मध्ये एका तार कंपनीत लागला आणि पुढची कितीतरी वर्षं त्याने खांब, तारा आणि केबली यांच्यातच काढली. १८७७मध्ये बेलच्या टेलिफोनची चालती जोडी अमेरिकेहून ब्रिटनमध्ये आणून दाखवणारे प्रीसच. १८८१मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १८९६मध्ये तरुण मार्कोनी आपलं बिनतारी यंत्र घेऊन लंडनला आला तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहिले तेही प्रीसच. नव्या वस्तूंची त्यांना भीती नव्हती. नजर मात्र दर वेळी दूरवर पोचायचीच असं नाही. १८७९मध्ये संसदीय समितीपुढे ते म्हणाले होते की अमेरिकेत टेलिफोनची गरज असेल, पण आपल्याकडे निरोप पोचवणारी पोरं मुबलक आहेत.

म्हणजे वस्तू नवी घ्यायची, पण ती चालते कशी याचा हिशेब जुन्या वहीतलाच लावायचा. हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. नवा सर्व्हर, नवं सॉफ्टवेअर, नवं सीएनसी मशीन यांच्या खरेदीवर साहेब खुशीने सही करतात. घोडं पेंड खातं ते त्याच्या आत काय चालतं या समजुतीपाशी.

नियम आला कुठून

प्रीस यांची जुनी वही म्हणजे केआर नियम. समुद्राखालून तारायंत्राच्या केबली टाकायला सुरुवात झाली तेव्हा असं दिसलं की एका टोकाला ठणकावून दिलेला ठोका दुसऱ्या टोकाला पसरट, लांबलेला होऊन पोचतो. १८५४-५५मध्ये विल्यम टॉमसनने (पुढचा लॉर्ड केल्व्हिन) याचं गणित मांडलं. त्यात त्याने तारेच्या दोनच गोष्टी धरल्या: रेझिस्टन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, आणि कपॅसिटन्स, म्हणजे वीजभार साठवून धरायची तारेची क्षमता. त्या काळी कपॅसिटन्ससाठी 'के' लिहीत, म्हणून केआर. या हिशेबाने ठोका लाटेसारखा पळत नाही. सळईच्या एका टोकाला दिलेली उष्णता झिरपत जावी तसा झिरपत जातो. केबल दुप्पट लांब केली की उशीर चौपट.

यातली गंमत अशी की टॉमसनचा नियम नवा होता तेव्हा त्यालाही एक जुना साहेब आडवा आला होता. अटलांटिक केबलचे तांत्रिक प्रमुख वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी हे गणित पुस्तकी म्हणून उडवून लावलं. १८५८मध्ये केबल पडली. कमजोर संदेश पोचवायला व्हाइटहाउस यांनी तिच्यात सुमारे दोन हजार व्होल्ट कोंबले आणि काही आठवड्यांतच ती मेली. १८६६मध्ये यशस्वी केबल चालली ती टॉमसनच्या पद्धतीने. त्यामुळे प्रीस यांच्या पिढीच्या तार इंजिनिअरांना केआर नियम पुस्तकातून कळलेला नव्हता. समुद्रात बुडालेल्या भांडवलाने तो शिकवला होता. असा नियम हाडीमासी रुजतो.

तारायंत्रापुरता तो खराही होता. मोर्सच्या डिट-डा ठोक्यांचा वेग सेकंदाला थोडकाच. माणसाच्या आवाजात मात्र सेकंदाला शेकडो ते काही हजार कंपनं असतात. त्या वेगाला तारेचा तिसरा गुण जागा होतो. तो म्हणजे इंडक्टन्स, प्रवाहातल्या बदलाला होणारा तारेचा विरोध. टॉमसनने तो गणितातून वगळला होता, आणि संथ ठोक्यांसाठी वगळणं बरोबरच होतं. चौथा गुण गळतीचा, म्हणजे तारेतून जमिनीकडे किंवा दुसऱ्या तारेकडे झिरपणाऱ्या प्रवाहाचा.

प्रीस यांनी तारायंत्राचा नियम उचलला आणि तसाच टेलिफोनला लावला. मार्च १८८७मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांनी टेलिफोनवर बोलणं किती अंतरापर्यंत पोचेल याचा निबंध वाचला. लाइनचा एकूण रेझिस्टन्स आणि एकूण कपॅसिटन्स यांचा गुणाकार करायचा. तो अमुक हद्दीबाहेर गेला की बोलणं अशक्य. खांबावरची लोखंडी तार, खांबावरची तांब्याची तार, जमिनीखालची केबल यांना वेगवेगळे स्थिरांक. मला विचाराल तर पाल इथेच चुकचुकायला हवी होती. तारेची जात बदलली की ज्या नियमाला नवा आकडा द्यावा लागतो, त्यात काहीतरी मोजायचं राहून गेलेलं असतं.

राहिला होता तो इंडक्टन्स. प्रीस त्याला शत्रू मानत, आणि त्यांच्याकडे पुरावाही होता. लोखंडी तारेपेक्षा तांब्याच्या तारेवर बोलणं स्वच्छ ऐकू येतं, हे खात्याच्या लाइनींवर कोणीही कान लावून पडताळू शकत होता. प्रीस यांचं स्पष्टीकरण असं: लोखंड चुंबकीय, म्हणून त्यात इंडक्टन्स जास्त; तांब्यात कमी; तेव्हा इंडक्टन्स वाईट. खरं कारण वेगळं होतं. तांब्याचा रेझिस्टन्स लोखंडापेक्षा मुळातच खूप कमी. त्यात वेगाने बदलणारा प्रवाह लोखंडी तारेत पृष्ठभागाला चिकटून वाहतो, आतला भाग वाया जातो, आणि रेझिस्टन्स आणखी चढतो.

साहेबांचा हुकूम बरोबर होता, कारण चूक होतं. तांबं वापरा म्हटलं, तांबं वापरलं, लाइन सुधारली. आता कारण चुकलंय हे कोण आणि कशाला सांगणार? १८९१मध्ये लंडन-पॅरिस टेलिफोन सुरू झाला, जाड तांब्याच्या जोरावर, आणि उत्तम चालला. पुरेसं तांबं ओतायची ऐपत असेल तर जुना नियम उघडा पडत नाही. सरकारी खात्यांत आणि बड्या कंपन्यांत जुनं ज्ञान इतकी वर्षं टिकतं ते मुख्यत: याच ऐपतीवर, असं माझं मत आहे. छोट्या कारखानदाराला ते परवडत नाही.

धाकट्याचं गणित

ऑलिव्हर हेविसाइड १८५०चा. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, कानाने अधू, तार कंपनीतली नोकरी चोविसाव्या वर्षी सोडून दिलेली. नंतर आईवडिलांच्या घरी एका खोलीत बसून विद्युतचुंबकत्वाचा सिद्धांत मांडणाऱ्या मॅक्सवेलचा ग्रंथ पचवला आणि त्यातली समीकरणं आज आपण लिहितो त्या रूपाच्या जवळ आणून ठेवली. स्वभाव तिरकस. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

थोरला आर्थर खात्याच्या लाइनी सांभाळत होता. एकाच लाइनवर अनेक टेलिफोन असले की ते एकामागोमाग एक गुंफायचे, ही पद्धत त्याला खटकत होती. प्रत्येक यंत्राची गुंडाळी वाटेत येते आणि लांबच्या माणसाचा आवाज खाते. त्याऐवजी यंत्रं लाइनच्या दोन तारांमध्ये पुलासारखी आडवी जोडली तर? हीच ती 'ब्रिज' पद्धत, निबंधाचा मूळ विषय. तिचं गणित ऑलिव्हरला करायला दिलं आणि त्यातून त्याला भलतंच घबाड सापडलं.

लांब तारेवर आवाज नुसता क्षीण होत नाही. त्यातली उंच कंपनं खालच्यांपेक्षा जास्त झिजतात आणि वेगळ्या वेगाने पोचतात. व्यंजनांच्या कडा जातात, 'स' आणि 'फ' यांत फरक राहत नाही, आणि पलीकडचा माणूस गोधडीत तोंड घालून बोलतोय असं वाटतं. क्षीण आवाज एकवेळ ताण देऊन ऐकता येतो, असा गिचमिड झालेला नाही. ऑलिव्हरने चारही गुण समीकरणात ठेवले आणि दाखवलं की इंडक्टन्स गुणिले गळती हे रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्सएवढं झालं, तर आवाज बारीक होईल पण बिघडणार नाही. आपल्याकडे ई अँड टीसीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगची, मुलं 'एलजी बरोबर आरसी' म्हणून परीक्षेसाठी घोकतात ती अट हीच.

प्रत्यक्षातल्या लाइनींत डावी बाजू फारच तोकडी पडते. ती वाढवायची कशी? गळती वाढवली तर आवाजच गळून जाईल. उजवी बाजू कमी करायची तर रेझिस्टन्ससाठी तांबं ओतावं लागतं, आणि कपॅसिटन्स कमी करायला तारा लांब-लांब ठेवाव्या लागतात, जे केबलीत जमत नाही. उरला इंडक्टन्स. तो वाढवायचा. साहेब म्हणत होते इंडक्टन्स काढा, आणि त्यांच्याच हाताखालच्या माणसाच्या निबंधात लिहिलं होतं की घाला.

कागद अडला

आता तारखा शेजारी ठेवून बघा. मार्चमध्ये प्रीस यांनी रॉयल सोसायटीत आपला नियम जाहीर वाचला. त्याच सुमारास आर्थरचा निबंध आला. खात्याच्या नोकराला बाहेर काही छापायचं तर वरिष्ठांची संमती लागे, आणि या विषयातले वरिष्ठ प्रीसच. म्हणजे ज्याच्या विधानाला निबंध खोडून काढत होता, त्यालाच निबंधाची लायकी ठरवायची होती. यातून जे निघायचं तेच निघालं.

आर्थर गप्प बसला. त्याचं पोट नोकरीवर होतं. ऑलिव्हरला नोकरीच नव्हती, त्यामुळे तो गप्प बसायचं कारण नव्हतं. त्याने आपला शोध 'इलेक्ट्रिशियन' या साप्ताहिकातून त्याच वर्षी छापला आणि प्रीस यांना असे काही टोमणे मारले की वाचणाऱ्याला अजूनही हसू येतं. वर्ष संपायच्या आत साप्ताहिकाचे संपादक बदलले आणि नव्या संपादकांनी त्याची लेखमाला थांबवली. वाचक मिळत नाहीत, असं कारण दिलं गेलं. या कारणामागे आणखी काही होतं का यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण खरं सांगायचं तर ते लेख वाचणं सोपं नव्हतंच.

पुढच्या वर्षी, १८८८मध्ये, बाथला ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेचं अधिवेशन भरलं. अभियांत्रिकी विभागाचे अध्यक्ष प्रीस. तिथे ऑलिव्हर लॉज या प्राध्यापकाशी आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या सळयांवरून प्रीस यांची जुंपली आणि भांडणाचं मूळ पुन्हा इंडक्टन्सच निघालं. प्रीस यांनी आपला अनुभव पुढे केला: आयुष्यभर हेच केलंय, गणितवाल्यांनी आम्हाला शिकवू नये. त्याच अधिवेशनात भौतिकशास्त्राच्या विभागात फिट्झजेरल्ड सांगत होते की जर्मनीत हर्ट्‌झने विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या. ऑलिव्हर हेविसाइड मॅक्सवेलच्या ज्या सिद्धांतावर उभा होता त्याला याहून मोठा दाखला मिळणं शक्य नव्हतं.

जानेवारी १८८९मध्ये तर खुद्द टॉमसनने विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या अध्यक्षीय भाषणात ऑलिव्हर हेविसाइडच्या कामाची वाखाणणी केली. केआर नियमाचा जन्मदाताच सांगत होता की टेलिफोनचा हिशेब या नव्या गणिताने करायचा. प्रीस तरीही हलले नाहीत. १८९२मध्ये ते खात्याचे मुख्य अभियंता झाले आणि १८९९मध्ये 'सर' होऊन निवृत्त झाले. त्यांच्या कारकिर्दीत खात्याने इंडक्टन्स वाढवायचा मार्ग धरला नाही.

आर्थरपुढे काय होतं

अशा प्रकरणात पश्चात्बुद्धीने शहाणपण सांगणं सोपं असतं, म्हणून थोडं जपून लिहितो.

पहिली गोष्ट मला निबंधाच्या बांधणीतच चुकलेली दिसते. ब्रिज पद्धत हे लाइनवरचं रोजच्या उपयोगाचं काम होतं. प्रीस यांच्यासारख्या लाइनवर वाढलेल्या माणसाला ते पटण्याजोगं होतं. त्याच गठ्ठ्यात साहेबांच्या ताज्या जाहीर विधानाला सुरुंग लावणारं परिशिष्ट बांधलं आणि दोन्ही एकदम बुडाले. काम आधी, एकटं पुढे गेलं असतं तर आर्थरच्या शब्दाला खात्यात वजन आलं असतं. परिशिष्ट नंतर, वेगळं, ऑलिव्हरच्या नावाने बाहेर छापता आलंच असतं. शेवटी तसंच छापावं लागलं.

दुसरी गोष्ट भाषेची. प्रीस यांचा विश्वास तारेवर, बॅटरीवर, स्वत:च्या कानावर. त्यांच्यापुढे ठेवली गेली ती समीकरणं, तीही त्या काळच्या गणितज्ञांनाही घाम फोडणारी. अशा साहेबापुढे मोजण्याजोगी पैज ठेवावी लागते: हीच तार, हीच लांबी, यात इंडक्टन्स वाढवतो, तुमच्या समजुतीने बोलणं बिघडायला हवं, माझ्या हिशेबाने सुधारायला हवं, कान तुम्हीच लावा. दोन नियम जिथे उलट उत्तरं देतात अशी जागा शोधून तिथेच चाचणी घ्यायची. दोघेही जिथे 'तांबं वापरा' म्हणतात तिथे वाद घालून काही हाती लागत नाही.

अर्थात 'करून दाखवा' हा सल्ला वाटतो तितका स्वस्त नाही. तारेत गुंडाळ्या घातल्या की त्यांचा स्वत:चा रेझिस्टन्सही आत येतो आणि कमावलेलं खाऊन टाकतो. गुंडाळ्या फार लांब अंतरावर ठेवल्या तर सलग वाढवलेल्या इंडक्टन्सचा परिणामच मिळत नाही. किती अंतरावर ठेवायच्या, हे नेमकं उकलायला १८९९ उजाडलं. घाईत केलेला कच्चा प्रयोग फसला असता आणि साहेब म्हणाले असते, बघा, मी सांगत होतो. हाताखालच्या माणसाला अशी संधी सहसा एकदाच मिळते. म्हणून चाचणी छोटी, आणि साहेबांना बोलावण्याआधी स्वत: गुपचूप करून बघितलेली हवी.

तिसरी गोष्ट ऑलिव्हरची जीभ. त्याचा प्रत्येक टोमणा बाहेर छापला जाई आणि आत आर्थरच्या खात्यावर जमा होई. केआर नियम खोटा आहे असं न म्हणता, तो समुद्राखालच्या तारायंत्रासाठी सोळा आणे खरा आहे आणि टेलिफोनपाशी त्याची हद्द संपते, असं म्हणता आलं असतं. साहेबांची पंचवीस-तीस वर्षांची कमाई त्यात वाया जात नाही. टॉमसनने साधारण हेच केलं. त्याचाही उपयोग झाला नाही, हे मान्य करायला हवं. काही माणसं हलत नाहीत. तशी खात्री पटल्यावर आर्थरने नोकरी सांभाळून गप्प बसणं याला मी भेकडपणा म्हणणार नाही. त्याचं ज्ञान भावाच्या लेखांतून बाहेर पडतच होतं.

खरी खोट मला खात्याच्या रचनेत दिसते. ज्याचं म्हणणं तपासायचं, तोच तपासणारा. प्रीस यांच्या जागी कितीही मोकळ्या मनाचा माणूस बसवला असता तरी स्वत:विरुद्धचा कागद त्याच्याच सहीने पुढे जाण्याची वाट बघणं म्हणजे दैवावर हवाला. बाहेरच्या कोणा जाणकाराने निबंध वाचावा एवढी सोय असती, तर प्रीस यांना नकार द्यायचा तरी तांत्रिक कारणं लिहून द्यावी लागली असती. आपल्या कंपन्यांतल्या डिझाइन रिव्ह्यूलाही हेच लागू आहे: जुनं डिझाइन ज्याने केलं, त्याच्याकडेच नव्या डिझाइनची शेवटची सही ठेवू नये.

पुढे

१८९३मध्ये ऑलिव्हरने लिहूनही टाकलं होतं की इंडक्टन्सच्या गुंडाळ्या लाइनमध्ये ठराविक अंतरांवर घालून पाहाव्यात. पेटंट घेतलं नाही. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीच्या जॉर्ज कॅम्पबेलने १८९९मध्ये यावर काम केलं, कोलंबिया विद्यापीठाच्या मिखाइलो प्युपिननेही केलं, आणि पेटंट प्युपिनच्या नावावर १९००मध्ये लागलं. कंपनीने त्याचे हक्क घेताना १,८५,००० डॉलर मोजले आणि शिवाय दरसाल १५,००० कबूल केले. या गुंडाळ्यांना लोडिंग कॉइल म्हणतात; त्यांच्या जिवावर १९११मध्ये न्यूयॉर्कहून डेन्व्हरपर्यंत बोलणं पोचलं, मध्ये एकही ॲम्प्लिफायर नसताना. १९१०मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या खाडीतही अशाच कॉइल घातलेली टेलिफोन केबल पडली. ऑलिव्हरला १८९६पासून सरकारी निर्वाहवेतन मिळत होतं, वर्षाला १२० पौंड.

लोडिंग कॉइल पुढे जगभर प्रमाण झाली. अमेरिकेत नेहमीचं माप ८८ मिलिहेन्री (हे इंडक्टन्सचं एकक), दर ६,००० फुटांवर एक. टेलिफोन खात्यांत इंजिनिअरांच्या कैक पिढ्या 'लाइन लांब असेल तर कॉइल घाला' हे शिकून निवृत्त झाल्या. कॉइल साधारण साडेतीन हजार कंपनांच्या वरचं सगळं अडवते. बोलण्याला तेवढं पुरतं, म्हणून कोणाची हरकत नव्हती. मग त्याच तांब्यावर ब्रॉडबँड आलं. डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचं हे ब्रॉडबँड, नेमकं त्या हद्दीच्या वरच चालतं, त्यामुळे कॉइल असलेल्या लाइनवर ते चालूच होत नाही. आधी नकाशे काढून, मॅनहोलमध्ये उतरून त्या कॉइली एकेक करून काढाव्या लागल्या.